जामीन झाला, माणूस आतच

"आरोपीस रु. १५,०००/- च्या जातमुचलक्यावर व तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार दिल्यास जामिनावर मुक्त करण्यात यावे." थोड्याफार फरकाने हे वाक्य रोज कुठल्या ना कुठल्या आदेशाच्या शेवटी असतं. नातेवाइकांना वाटतं, झालं काम. वकिलाची उरलेली फी इथे वसूल होते. आणि तुरुंगातल्या बऱ्याच जणांची खरी अडचण इथून सुरू होते. जातमुचलका म्हणजे त्याची स्वतःची सही, ती तो कधीही देईल. जामीनदार मात्र दुसऱ्या कुणीतरी व्हावं लागतं, आणि ते दुसरं कुणी त्याच्याकडे नसतं.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं सॉल्व्हन्सीच्या, म्हणजे ऐपतीच्या दाखल्यांच्या टेबलावर गेली. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक झाले. ऑफिसात आम्हाला पीएलव्ही, म्हणजे पॅरा लीगल व्हॉलंटिअर, म्हणतात. ठरलेल्या दिवशी जिल्हा कारागृहात जायचं, बंद्यांचे अर्ज लिहून द्यायचे, कुणाची तारीख कधी, वकील कोण, जामीन होऊनही सुटका का नाही, याची वही ठेवायची. महिला बॅरेकमधल्या बायका मला तहसीलदारबाई म्हणतात. मी तहसीलदार कधीच नव्हते. पण दाखला कुठे अडतो हे मला बऱ्याच तहसीलदारांपेक्षा बरं ठाऊक आहे, त्यामुळे दुरुस्त करत बसत नाही.

तुरुंगातली गर्दी कमी करायची म्हटलं की चर्चा मोठ्या गोष्टींची होते. नवे कायदे, नवी कारागृहं, सुधारणा समित्या. माझं म्हणणं फार छोटं आहे. आपल्याकडे तुरुंग शिक्षेने भरत नाहीत, कागदाने भरतात. आणि सुटून आलेला माणूस पुन्हा उभा राहू शकत नाही तोही बहुतेकदा कागदापायीच.

आकडा सांगते, म्हणजे मी वाढवून बोलत नाही हे कळेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या कारागृहांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही असे. चारात तीन. आणि कारागृहांची मिळून क्षमता होती ४,३६,२६६. म्हणजे शिक्षा झालेला एकही माणूस आत नसता, तरी तुरुंग काठोकाठ भरलेलेच असते.

आता जामीनदार कसा उभा राहतो ते सांगते, कारण वकिलांनाही ही गंमत पूर्ण माहीत नसते. जामीनदाराने आपली ऐपत दाखवायची. त्यासाठी सातबारा, आठ-अ, किंवा घराचा उतारा. मोठी रक्कम असेल, किंवा न्यायाधीशसाहेब काटेकोर असतील, तर ऐपतीचा दाखला मागतात. दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्याची शिफारस, जमिनीचं मूल्यांकन, कर्ज-बोजा नसल्याची खात्री. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा नाही असा शेतकरी मला टेबलावर असताना क्वचितच दिसला. जमीन सामाईक असेल तर भावांची संमती. चार भावांतले दोन पुण्या-मुंबईला, एकाशी बोलणं नाही. हे सगळं जमलं तर मग आधार, रेशनकार्ड, फोटो, प्रतिज्ञापत्र घेऊन कोर्टात उभं राहायचं आणि आरोपीला कधीपासून ओळखता, त्याचा पत्ता काय, आधी कुणाला जामीन राहिलात का, याची उत्तरं द्यायची. त्यानंतर कधीकधी पोलीस ठाण्याकडून पडताळणी. तोवर शेतात पेरणी चाललेली असते.

हे सगळं कुणासाठी? तर मोबाइल चोरल्याच्या संशयावरून पकडलेल्या, वीटभट्टीवर काम करणाऱ्या पोरासाठी, ज्याचे आईवडील ऊसतोडीला कर्नाटकात आहेत आणि ज्याच्या अख्ख्या आळीत कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. गावात एखादा बागायतदार असतो, त्याच्याकडे गेलं की तो म्हणतो, "उद्या पोरगं पळालं तर कोर्ट माझ्या शेतावर बोजा चढवेल." त्याला मी दोष देत नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही दोनदा विचार केला असता.

बायकांचं आणखी वेगळं. नवऱ्याच्या घरच्यांनीच फिर्याद दिलेली असेल तर सासरचा जामीनदार मिळण्याचा प्रश्नच नाही. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात. भाऊ यायला तयार, त्याच्या नावावर दोन एकरही आहेत, पण कोर्टात सांगतात की स्थानिक जामीनदार आणा. अशी एक बाई आमच्याकडे होती. तिचं पोर तिच्याबरोबर आतच होतं (सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आईजवळ ठेवता येतं). जामिनाचा आदेश झालेला, आदेशाची प्रत तिने पिशवीत घडी घालून ठेवलेली, आणि दर आठवड्याला ती मला एकच विचारायची, "कागद तर आहे ना माझ्याजवळ?"

या भावाच्या जमिनीच्या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच दिलेलं आहे. मोतीराम नावाचा मध्य प्रदेशातला एक गवंडी. दंडाधिकाऱ्यांनी त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या निकालात जिल्ह्याच्या सीमेवरून जामीनदार नाकारण्याची चांगलीच खरडपट्टी काढली आणि मोतीरामला हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर, म्हणजे जातमुचलक्यावर, सोडायला सांगितलं. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरण आलं. बिहारच्या तुरुंगांत अशी माणसं सापडली की ज्या गुन्ह्याचा आरोप आहे त्याच्या कमाल शिक्षेपेक्षा जास्त काळ ती नुसती खटल्याची वाट बघत होती. तो निकाल प्रत्येक विधी शिबिरात सांगितला जातो. मीही सांगते. समोर बसलेला बंदी नम्रपणे ऐकून घेतो आणि शेवटी विचारतो, "मग माझं काय?"

कायदा तेवढ्यावर थांबलेला नाही. जामीनपात्र गुन्ह्यात पकडलेला माणूस गरीब असेल तर त्याला जामीनदाराशिवाय, नुसत्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायचं आहे, आणि अटकेपासून आठवड्यात जो जामीन देऊ शकला नाही तो गरीबच आहे असं समजायला तेवढं कारण पुरेसं आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ४३६ चं हे स्पष्टीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्ये तसंच आलं आहे. ऐपतीच्या दाखल्याच्या टेबलावर आयुष्य काढलेल्या बाईला हे वाचून किती बरं वाटलं असेल! ऐपत नाही हे सिद्ध करायला तलाठ्याचा अहवाल लागत नाही, आठवडा पुरतो.

जामीन होऊनही जे आतच राहतात त्यांच्यासाठी ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आहेत. आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकांकडे जावी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. जामीनदार गोळा करायला थोड्या मुदतीचा तात्पुरता जामीन देता येतो. महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे उशिराचं एक कारण आहे, तशा ठिकाणी ती अट टाळता येईल, हेही त्यात स्पष्ट आहे. त्या बाईचा अर्ज मी याच निर्देशांच्या आधारे लोकअभिरक्षक कार्यालयातल्या (गरीब आरोपींची बाजू मोफत मांडणाऱ्या) वकिलांकडून करून घेतला. अट शिथिल झाली, भावाचाच जामीन चालला.

मग हे आपोआप का होत नाही? न्यायाधीश दुष्ट आहेत असं मला अजिबात वाटत नाही. कोर्टाच्या आवारात भाड्याचे जामीनदार फिरतात, हे उघड गुपित आहे. एकच सातबारा चार ठिकाणी, बनावट रेशनकार्ड, फोटो भलत्याचाच. एखादा आरोपी पळाला आणि जामीनदार बोगस निघाला की ताशेरे खालच्या कोर्टावर येतात. आरोपी विनाकारण तीन महिने जास्त आत राहिला तर कुणावरच येत नाहीत. कारकुनीत इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं नक्की कळलं आहे की ज्या चुकीची नोटीस येते ती चूक माणूस टाळतो. म्हणून रकमा चढ्या राहतात, दाखले मागितले जातात, आणि कायद्याला ज्या बनावट जामीनदाराची भीती आहे तोच पैसेवाल्याला सहज मिळतो. प्रामाणिक गरीब माणसाकडे ना खरा जामीनदार, ना खोटा.

२०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. मूळ योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा भोगून दंडापायी अडकलेल्यासाठी २५,००० पर्यंत मदत. जिल्हाधिकारी, पोलीस, तुरुंग आणि विधी सेवा प्राधिकरण यांची समिती प्रत्येक प्रकरण बघते. कल्पना चांगली, पैसा सरकारचा. पण समिती म्हणजे बैठक, बैठक म्हणजे टिपणी, टिपणी म्हणजे पुन्हा चौकशी अहवाल, आणि तो अहवाल पुन्हा तलाठ्याकडे. फिरून गाडी माझ्याच जुन्या टेबलावर! शिवाय गंभीर कायद्यांखालचे आरोपी यातून वगळलेले आहेत. माझ्या मते जिथे जातमुचलका पुरतो तिथे सरकारने कोर्टात रोख रक्कम भरण्यापेक्षा कोर्टानेच जातमुचलक्यावर सोडावं. ज्याला पळायचं आहे तो सरकारच्या चाळीस हजारांपायी थांबणार नाही.

आता मला ज्या गोष्टीचा सगळ्यात राग येतो तिच्याकडे येते.

चोरीच्या केसमध्ये महिनोन् महिने आत असलेला पोरगा तारखेला जातो. गार्द, म्हणजे सोबत न्यायला पोलीस, मिळाली तर जातो, नाहीतर व्हीसीवर (व्हिडिओ कॉलवर) दोन मिनिटं चेहरा दाखवतो. बॅरेकमधले जुने लोक त्याला सांगतात, "कबूल करून टाक. भोगलेली धरतील, आजच्या आज सुटशील." ते खोटं नसतं. तो गुन्हा कबूल करतो, न्यायालय भोगलेल्या कारावासाइतकीच शिक्षा देतं, संध्याकाळी बॅरेक बंद व्हायच्या आत रिलीज ऑर्डर आली तर रात्री तो बाहेर. आई खूश, कोर्टाची एक केस निकाली, तुरुंगाची एक जागा मोकळी. त्याने चोरी केली होती का, हे कुणी तपासलंच नाही. आतल्या मुलाखतीत मला एकाने सांगितलं, "मॅडम, खरं बोललो असतो तर अजून आत असतो."

या सुटकेची किंमत नंतर कळते. आता तो 'शिक्षा झालेला' आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने एक चांगली तरतूद केली. पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं. (आधीच्या ४३६-अ मध्ये सगळ्यांनाच निम्मा काळ होता. जुन्या खटल्यांनाही नवी तरतूद लावा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं.) अर्ज करण्याची जबाबदारीही अधीक्षकांवर टाकली आहे, बंद्याला काही माहीत असण्याची गरज नाही. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप असू शकते तो यात बसत नाही. पण आमच्या पोराने त्या दिवशी कबुली देऊन हा एक तृतीयांशाचा हक्क कायमचा घालवला. पुढच्या वेळी पोलिसांनी उचलला, आणि ते उचलतातच, की त्याला निम्मा काळ. आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर या कलमाखाली तेवढ्यावरून सुटता येत नाही. छोट्या चोऱ्यांमध्ये पोलीस एकाच पोरावर चार-पाच गुन्हे दाखवतात, 'डिटेक्शन' होतं, म्हणजे गुन्हे उघडकीला आल्याची नोंद होते. म्हणजे ज्याच्यासाठी हे कलम केलं असं वाटतं, नेमका तोच गळतो.

याला उपाय १९५८ पासून कायद्यात आहे. प्रोबेशनचा कायदा. किरकोळ चोरीसारख्या गुन्ह्यात पहिल्यांदा दोषी ठरलेल्याला न्यायालय ताकीद देऊन सोडू शकतं, किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरच्या, देखरेखीखाली. एकवीस वर्षांखालच्याला तुरुंगात पाठवायचं तर कारणं लिहावी लागतात. आणि कलम १२ असं की प्रोबेशनवर सुटलेल्याला त्या दोषसिद्धीमुळे पुढे कुठली अपात्रता चिकटत नाही. म्हणजे त्याच दिवशी, त्याच कबुलीवर, तोच पोरगा अशी अपात्रता न चिकटता सुटू शकला असता. मात्र त्यासाठी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. त्यांनी घरी जायचं, आईशी, मालकाशी, शेजाऱ्यांशी बोलायचं. एका परिवीक्षा अधिकाऱ्याकडे बालगृहं, दत्तक प्रकरणं, महिलांची कामं असं सगळं असतं. कबुली मात्र चहा निवायच्या आत निकाली निघते. प्रोबेशन देता येत असताना का दिलं नाही, याची विशेष कारणं नोंदवायला कायदा सांगतो. मी पाहिलेल्या आदेशांत ती कारणं एका ओळीत असतात, आणि ती ओळ सगळीकडे सारखीच असते.

भारतीय न्याय संहितेने आता समाजसेवा ही शिक्षा म्हणून आणली आहे. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी आणि वस्तू परत केली, तर समाजसेवा. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, तिथेही ती देता येते. मला हे आवडलं. फक्त ही सेवा कुठे करायची, हजेरी कोण घेणार, झाल्याचा दाखला कोण देणार, हे प्रत्येक तालुक्यात ठरवून ठेवा. नाहीतर 'व्यवस्था उपलब्ध नाही' म्हणून पुन्हा साधा कारावास, हे मी आत्ताच लिहून देते.

सुटण्याच्या दिवशी माणसाच्या हातात काय असतं? अटकेच्या वेळी जमा केलेलं पाकीट, बंद पडलेला मोबाइल. सिम तर कधीच दुसऱ्याला गेलेलं असतं, आणि आधारला, बँकेला जोडलेला नंबर तोच. म्हणजे ओटीपी येणार नाही. ओटीपी नाही तर बँक नाही, बँक नाही तर मजुरी खात्यात येत नाही. जास्त दिवस आत राहिलेल्याचं नाव घरच्यांनी रेशनकार्डातून काढून टाकलेलं असतं, कधी रागाने, कधी कुणीतरी केवायसीला हजर राहा म्हटलं म्हणून. मी सुटणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात नवं सिम घ्यायला आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलून घ्यायला सांगते. नोकरीचा सल्ला त्यानंतर. सुधारगृह, समुपदेशन हे शब्द मोठे आहेत, आणि त्यांचा उपयोगही आहे, पण ओटीपी न येणाऱ्या माणसाचं समुपदेशन कुठवर पुरणार?

मग नोकरी. सुरक्षारक्षक, ड्रायव्हर, गोदामातली हमाली, घरपोच सामान पोचवणं, अशी जी कामं कमी शिकलेल्याला मिळतात, नेमकी तिथेच पोलीस चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. त्यावर प्रलंबित खटलाही येतो. म्हणजे निर्दोष सुटण्याची शक्यता असलेला माणूसही त्या कामाला मुकतो. ज्याच्याकडे शेती आहे किंवा स्वतःचं दुकान आहे त्याला कुणी दाखला मागत नाही. खटला चालू असलेला माणूस निवडणूक लढवू शकतो, पण सोसायटीच्या गेटवर शिट्टी वाजवू शकत नाही. (आणि हो, आत असलेला कच्चा कैदी मतदान करू शकत नाही, उमेदवार मात्र होऊ शकतो. यावर मी काही बोलत नाही.)

पारधी वस्तीवरच्या माणसाचं तर नावच पुरतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि तालुक्यात कुठेही घरफोडी झाली की गाडी आधी वस्तीवर जाते ही सवय तशीच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांच्या नियमावल्यांतला जातिभेद, जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं, कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला. रकाना निघेल. वस्तीवरच्या पोराला जामीनदार कोण मिळवून देणार, हा प्रश्न राहतोच. त्याच्या ओळखीतल्या प्रत्येकावर एखादी केस असते, आणि केस असलेला जामीनदार कोर्टाला चालत नाही.

चांगलं काही चालतच नाही असं नाही. 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना २०२२ च्या महाराष्ट्र दिनी येरवड्यात सुरू झाली. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला ५० हजारांपर्यंत कर्ज देते, व्याज ७ टक्के, आणि ते त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून फिटतं. पोराची फी, आईचं ऑपरेशन, घराचं छप्पर. पन्नास हजारांत काय होतं असं विचारणाऱ्याने आतला माणूस घरच्यांना पैसे पाठवतो तेव्हाचा त्याचा आवाज ऐकावा. घर त्याला धरून राहतं, आणि सुटल्यावर परत यायला जागा उरते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगात, पोलीस ठाण्यात आणि सुटून आलेल्यांबरोबर काम करतो आहे. सुटलेल्याला काही महिने शिकाऊ म्हणून कुठेतरी चिकटवून द्यायचं, सोबत राहायचं, ही रीत मी त्यांच्याच कामाविषयी वाचून शिकले.

आणि सांगली जिल्ह्यातलं आटपाडी. औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या काळात, १९३९ मध्ये, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेतून तिथे स्वतंत्रपूर वसलं. शिक्षा झालेले कैदी, भिंत नाही, शेती करायची, बायकामुलं बरोबर. ती खुली वसाहत आजही आहे. राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून असंच शिबिर आहे, तिथले कैदी दिवसा शहरात कामाला जातात आणि संध्याकाळी हजेरीला परत येतात. पळून जाणं सोपं असूनही बहुतेक जण पळत नाहीत, कारण संसार तिथेच आहे. पण खुलं कारागृह फक्त पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्यांसाठी. म्हणजे खून सिद्ध झालेला, चांगल्या वर्तणुकीचा माणूस मोकळ्या रानात कांदा लावू शकतो, आणि मोबाइल चोरल्याचा निव्वळ संशय असलेला पोरगा अंथरुणाला अंथरूण लागलेल्या बॅरेकमध्ये कूस बदलायची वाट बघत असतो. पहिल्याचं मला काही वाईट वाटत नाही, त्याला मिळतंय ते मिळायलाच हवं. दुसऱ्याला निदान घरी झोपू द्या.

हे सगळं बोलले की मला एक प्रश्न नक्की येतो. ज्यांचं चोरीला गेलं त्यांचं काय? माझ्याच नात्यातल्या एका बाईचं मंगळसूत्र हिसकावून नेलं होतं, तेव्हा हा प्रश्न मला परका नाही. ती प्रत्येक तारखेला गेली. कधी आरोपीला आणायला गार्द नाही, कधी पंच नाही, कधी साहेब रजेवर. मंगळसूत्र मिळालं, पण ते मुद्देमालात, आणि मुद्देमाल सोडवायला पुन्हा अर्ज. आरोपी तेवढे दिवस तुरुंगात होता याचा तिला काय उपयोग झाला ते ती आजही सांगू शकत नाही. तिला खटला लवकर संपायला हवा होता. तो बाहेर असता आणि दर तारखेला हजर झाला असता, तर कदाचित लवकर संपलाही असता. काही माणसं आत असायलाच हवीत, याबद्दल मला शंका नाही. आमच्या कारागृहातही अशी आहेत, आणि त्यांच्याशी बोलताना मी खुर्ची दाराजवळ ठेवते. पण त्यांची संख्या फार थोडी आहे, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना जामीनदाराची अडचण कधीच आलेली नाही.

२०२२ च्या संविधानदिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी न्यायाधीशांसमोर बोलताना हाच प्रश्न काढला होता. नवी कारागृहं बांधायची गरज का पडते, छोट्या गुन्ह्यांतली गरीब माणसं वर्षानुवर्षं आत का. दोन महिन्यांनी ते ३१ जानेवारीचे निर्देश आले. आता वरून सांगण्यासारखं फारसं उरलेलं नाही असं मला वाटतं. उरलं आहे ते तालुक्याच्या पातळीवर.

म्हणून मी माझ्या आवाक्यातलं एक काम धरलं आहे. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा, ऐपतीचा दाखला त्याखालच्या सेवांमध्ये आहे, त्याला मुदत ठरलेली आहे. टेंडर भरणाऱ्या कंत्राटदाराला आणि तुरुंगातल्या भावासाठी आलेल्या शेतकऱ्याला तीच एक रांग, तीच मुदत. मी लेखी मागणी केली आहे की न्यायालयीन जामिनासाठीचे अर्ज वेगळ्या नोंदवहीत घ्यावेत, जामिनाच्या आदेशाची प्रत जोडलेली असेल तर तीन दिवसांत निकाली काढावेत, छोट्या रकमेला सातबारा आणि स्वयंघोषणापत्र पुरेसं धरावं, आणि किती अर्ज आले, किती अडले, ही यादी दर महिन्याला विधी सेवा प्राधिकरणाला पाठवावी. याला पैसा लागत नाही, नवं पद लागत नाही, एक नोंदवही लागते. तिचा नमुनाही आखून दिला आहे, रकाने मोजून.

कार्यालयातून तोंडी उत्तर आलं, असं काही करायला वरून पत्र लागेल. कुणाचं पत्र, कोणत्या नियमाखाली लागेल, ते लेखी कळवावं असा दुसरा अर्ज मी सोमवारी दिला. पोच घेतली आहे.